खर्च ऐंशी लाख, सवलत सत्तर लाख: अमेरिकेतली छोटी कॉलेजं जगतात कशावर?

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये पुण्या-मुंबईतल्या, हल्ली नाशिक-नागपुरातल्याही काही घरांत एक ईमेल येते आणि पुढचे दोन दिवस घरात दुसरा विषय नसतो. मुलीला अमेरिकेत प्रवेश मिळालेला असतो, पण कॉलेजचं नाव नातेवाइकांत कुणी ऐकलेलं नसतं. गाव मक्याच्या शेतांमध्ये, विद्यार्थी जेमतेम सतराशे. पत्रात वर्षाचा खर्च ९० हजार डॉलर, म्हणजे साधारण ऐंशी लाख रुपये लिहिलेला असतो. खालच्याच ओळीत यातला मोठा भाग कॉलेज सोसेल, असंही असतं. आजोबांची पहिली शंका ठरलेली: "हे लोक आपल्याला फसवत तर नाहीत ना?"

शंका रास्त आहे. एवढ्याशा कॉलेजकडे एका परक्या मुलीवर खर्च करायला इतका पैसा आला कुठून? त्यात २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेने श्रीमंत विद्यापीठांच्या गंगाजळीवरचा कर वाढवला, आणि हार्वर्ड, प्रिन्स्टनच्या बातम्यांतून 'एन्डाउमेंट' हा शब्द सगळ्यांच्या कानावर पडला. छोट्या कॉलेजांचं पोट याच शब्दावर चालतं.

ही कॉलेजं म्हणजे 'लिबरल आर्ट्स कॉलेजं'. इथे फक्त पदवीचं शिक्षण असतं आणि तेही निवासी. भौतिकशास्त्राची मुलगी इथे तत्त्वज्ञान आणि संगीतही शिकते. वर्गात पंधरा-वीस मुलं, शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक. असं शिक्षण महाग पडणारच. मोठ्या विद्यापीठांना हॉस्पिटल, पेटंट, संशोधनाची कंत्राटं असे उत्पन्नाचे मार्ग असतात, इथे ते नसतात. पूर्ण फी भरणारं मूलसुद्धा श्रीमंत कॉलेजात आपला सगळा खर्च भरून देत नाही. ती तूट देणग्यांनी भरून निघते.

## देवस्थानची जमीन

एन्डाउमेंटला आपण कायमनिधी म्हणू. मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही. गावच्या देवळाला कुणी पूर्वजाने इनाम दिलेली जमीन असते. ती विकायची नाही. तिच्या उत्पन्नातून नैवेद्य, दिवाबत्ती आणि पुजाऱ्याचा शिधा चालवायचा. पुढे एखाद्याने आणखी दोन एकर दिले आणि सांगितलं, 'हे फक्त पालखीसाठी', तर त्या दोन एकरांचं धान्य कळसाच्या दुरुस्तीला लावता येत नाही, मग कळस गळत का असेना.

कायमनिधी असाच चालतो. कॉलेजकडे १०० कोटी डॉलर आहेत असं वाचलं, की शंभर कोटी तिजोरीत पडून आहेत आणि अध्यक्षांनी सही केली की निघतील, असं वाटतं. प्रत्यक्षात तो शेकडो छोट्या-मोठ्या निधींचा गठ्ठा असतो आणि बहुतेक निधींना आपापली अट चिकटलेली असते: हा इतिहासाच्या प्राध्यापकासाठी, तो ग्रंथालयासाठी, हा अमुक जिल्ह्यातल्या होतकरू मुलासाठी. वर्षाला साधारण साडेचार ते पाच टक्के काढून खर्च करायचे आणि बाकीचं वाढू द्यायचं, म्हणजे महागाईने मूळ रक्कम झिजत नाही. हे टक्केही बहुतेक कॉलेजं गेल्या तीन वर्षांच्या सरासरीवर मोजतात, नाहीतर बाजार पडला की त्याच वर्षी पगार कापावे लागतील. थोडक्यात, शंभर कोटींचं कॉलेज वर्षाला साडेचार-पाच कोटींचं धनी, आणि त्यातलाही बराच भाग आधीच कुणाच्या तरी नावाने बांधलेला.

## शिकागोच्या वकिलाचा पैसा आणि आंबेडकरांचा अभ्यास

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दलित चळवळ यांवर काम करणाऱ्यांना एलिनॉर झेलियट हे नाव सांगावं लागत नाही. १९६९ मध्ये त्यांनी याच विषयावर पेन्सिल्वेनिया विद्यापीठात पीएच.डी. पूर्ण केली आणि पुढे जवळपास तीन दशकं मिनेसोटा राज्यातल्या नॉर्थफील्ड या छोट्या गावी, कार्लटन कॉलेजात शिकवलं. त्यांच्या पदाचं पूर्ण नाव होतं 'लेअर्ड बेल प्रोफेसर ऑफ हिस्टरी'. लेअर्ड बेल हे शिकागोतले वकील आणि कार्लटनचे विश्वस्त.

अशा पदाला तिकडे 'चेअर' म्हणतात. समजा, एखाद्या चेअरसाठी ३० लाख डॉलर बाजूला ठेवले. साडेचार टक्क्यांनी वर्षाला १ लाख ३५ हजार मिळतात. प्राध्यापकाच्या पगाराचा मोठा वाटा त्यातून सुटतो, कदाचित प्रवासाचा आणि पुस्तकांचाही. चेअरचा विषय देणगीदाराने 'इतिहास' इतकाच ठेवला असेल, तर त्या खुर्चीत बसलेल्या बाईंनी महाराष्ट्रातल्या महार समाजाच्या चळवळीचा इतिहास लिहायला कुणाची हरकत नसते. अट जितकी सैल, तितकं पुढच्या पिढीला मोकळं रान.

झेलियटबाईंचं महाराष्ट्राशी नातं कागदापुरतं नव्हतं. कार्लटन, ग्रिनेल अशा मध्य-पश्चिमेतल्या कॉलेजांच्या संघाने पुण्यात कित्येक वर्षं अभ्यासवर्ग चालवला. मिनेसोटा-आयोवाची मुलं पुणेकरांच्या घरी राहायची आणि मराठी शिकायची.

कार्लटन हे नावही देणगीतूनच आलेलं. कॉलेजचे पहिले अध्यक्ष जेम्स स्ट्रॉन्ग निधी जमवायला पूर्वेकडे गेले असताना त्यांच्या गाडीला आगगाडीची धडक बसली. ते वाचले. काही दिवसांपूर्वीच त्यांना भेटलेल्या विल्यम कार्लटन यांच्या मनावर याचा असा परिणाम झाला की १८७१ मध्ये त्यांनी ५० हजार डॉलर देऊन टाकले आणि 'नॉर्थफील्ड कॉलेज'चं 'कार्लटन कॉलेज' झालं. निधी-संकलनाच्या पाठ्यपुस्तकात हा मार्ग सुचवलेला नसावा.

## फाउंडेशनची ग्रँट ही वेगळी चीज

आपल्याकडे अनुदानित कॉलेज म्हटलं की सरकार पगार करतं, दरमहा आणि कायम. अमेरिकेतली ग्रँट तशी नसते. ती एका ठरलेल्या कामासाठी, दोन-तीन वर्षांच्या मुदतीने मिळते. अर्ज, अंदाजपत्रक, मधला अहवाल, शेवटचा अहवाल असा सगळा सोपस्कार असतो. देणारं कधी सरकारी खातं असतं, कधी खासगी फाउंडेशन. तिथल्या कायद्याप्रमाणे खासगी फाउंडेशनला आपल्या मालमत्तेच्या साधारण ५ टक्के रक्कम दरवर्षी सत्कार्यावर खर्च करावीच लागते, त्यामुळे तेही सतत चांगल्या प्रस्तावांच्या शोधात असतात.

१९६९ मध्ये दोन फाउंडेशनं एकत्र येऊन झालेलं अँड्र्यू डब्ल्यू. मेलन फाउंडेशन हे मानव्यविद्यांना सगळ्यात मोठा आधार देणाऱ्यांपैकी एक. त्याचे अध्यक्ष विल्यम बोवेन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायोमधल्या डेनिसन कॉलेजचे विश्वस्तही होते. तिथल्या ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांच्या बांधीव खंडांना जागा उरली नव्हती आणि नव्या इमारतीचा खर्च लाखो डॉलरच्या घरात जात होता. बोवेन यांनी उलटा विचार केला. प्रत्येक कॉलेजने तेच खंड ठेवायला भिंती बांधत बसण्यापेक्षा, एकदाच सगळं स्कॅन करून सगळ्यांना का देऊ नये? मेलनच्या पैशावर प्रयोग सुरू झाला आणि १९९५ मध्ये 'जेस्टोर' ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. आज पुण्यात किंवा कोल्हापुरात बसून जेस्टोरवरचा १९३० सालचा लेख उघडणाऱ्या संशोधकाला, हे एका लहान कॉलेजच्या भरलेल्या कपाटांतून निघालं याचा पत्ताही नसतो.

ग्रँट ही अशी सुरुवात करून देते. तिचं दुखणंही तिथेच आहे. समजा, फाउंडेशनने अरबी भाषा शिकवायला तीन वर्षांचा पैसा दिला. चौथ्या वर्षी त्या शिक्षकाचा पगार कोण देणार? शहाणं कॉलेज हा प्रश्न अर्ज करतानाच सोडवतं. हावरट कॉलेज आधी ग्रँट घेतं आणि मग मुलांनी आवडीने घेतलेला विषय बंद करण्याची नामुष्की पत्करतं.

सरकारी ग्रँटचा भरवसा तर आणखी कमी. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानव्यविद्या निधीने आधी मंजूर केलेल्या हजाराहून अधिक ग्रँट मध्येच रद्द केल्या. कामं अर्धी झाली होती, माणसं नेमलेली होती.

काही फाउंडेशनं 'बाकीचे पैसे तुम्ही जमवा, मग आमचे घ्या' असं म्हणतात. क्रेस्गी फाउंडेशन अनेक दशकं याच पद्धतीने कॉलेजांना इमारतींसाठी पैसे देत असे. पद्धत चांगली, कारण माजी विद्यार्थ्यांकडे जायला कॉलेजला निमित्त मिळतं. मात्र उभ्या राहिलेल्या इमारतीचं वीजबिल, छत, नळ हे वर्षानुवर्षं कॉलेजच्याच डोक्यावर. इमारतीला आईचं नाव द्यायला लोक रांग लावतात, बॉयलरला कुणी देत नाही.

## मग देणगीदार कॉलेज विकतच घेतो, नाही का?

कधीकधी जवळपास तसंच होतं. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी कॉलेज-प्राध्यापकांना मोफत पेन्शन मिळावं म्हणून १ कोटी डॉलरचा निधी उभारला. अट होती, कॉलेज कुठल्याही पंथाच्या ताब्यातलं नसावं. तोवर अमेरिकेतली बहुसंख्य छोटी कॉलेजं चर्चनेच काढलेली होती. पेन्शनपायी त्यातल्या अनेकांनी आपल्या पंथाशी असलेला अधिकृत संबंध तोडला. एका माणसाच्या एका अटीने कॉलेजांच्या घटना बदलल्या. चांगलं झालं की वाईट, हे तुम्ही कुठे बसता त्यावर अवलंबून. मला स्वतःला तो बदल पटतो, पण ज्या रीतीने झाला ती पटत नाही. गंमत म्हणजे तो निधीही पुरला नाही, आणि १९१८ मध्ये वर्गणीवर चालणारी वेगळी पेन्शन-संस्था काढावी लागली.

दुसरं उदाहरण जास्त कडू आहे. व्हर्जिनियातल्या इंडियाना फ्लेचर विल्यम्स यांनी लहान वयात गेलेल्या मुलीच्या, डेझीच्या, स्मरणार्थ आपली सगळी इस्टेट मुलींच्या शिक्षणासाठी ठेवली. त्यातून १९०१ मध्ये स्वीट ब्रायर कॉलेज स्थापन झालं. मृत्युपत्रात लिहिलं होतं, 'गोऱ्या मुलींसाठी'. १९६० च्या दशकात कॉलेजला ही अट नकोशी झाली. पण मेलेल्या माणसाची अट विश्वस्तांना नुसता ठराव करून काढता येत नाही. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली आणि १९६७ मध्ये ती निकालात निघाली.

म्हणून आता जाणती कॉलेजं देणगी घेण्याआधीच लेखी ठरवून घेतात: प्राध्यापक कोण नेमायचा, अभ्यासक्रमात काय असेल, शिष्यवृत्ती कुणाला मिळेल, यात देणगीदाराने बोलायचं नाही. मूळ हेतू अशक्य झाला तर काय करायचं, हेही त्यातच लिहिलेलं असतं. मोठी देणगी नाकारणं कुठल्याही अध्यक्षाला जड जातं, हेही खरंच.

## पैसा असूनही बंद पडायची वेळ

याच स्वीट ब्रायरने २०१५ च्या मार्चमध्ये जाहीर केलं की आम्ही कॉलेज बंद करतोय. तेव्हा कायमनिधीत ८ कोटी डॉलरहून जास्त रक्कम होती. लोक चक्रावले. पण त्यातला बराच पैसा अटींनी बांधलेला होता, मुली कमी येत होत्या आणि जे येत होतं ते सूट देण्यात जात होतं. पालखीचे दोन एकर भरभरून पिकत होते आणि कळस गळत होता.

माजी विद्यार्थिनींनी ऐकलं नाही. त्या कोर्टात गेल्या, पैसे जमवू लागल्या. जूनमध्ये समझोता झाला. त्यांनी १ कोटी २० लाख डॉलर द्यायचे आणि राज्याच्या महाधिवक्त्याने कायमनिधीतल्या १ कोटी ६० लाख डॉलरवरच्या अटी सैल करायला संमती द्यायची. (तिकडे धर्मादाय निधींवर देखरेख महाधिवक्त्याची असते, आपल्याकडे ती धर्मादाय आयुक्ताची.) कॉलेज आजही चालू आहे.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. अलाबामातलं १८५६ सालचं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज ३१ मे २०२४ रोजी कायमचं बंद झालं. त्याच दिवशी त्यांचा बेसबॉलचा संघ दूर ओहायोत राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता.

## फीच न घेणारं कॉलेज

केंटकी राज्यातलं बेरिया कॉलेज १८५५ मध्ये जॉन फी या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकाने काढलं, काळे आणि गोरे, मुलगे आणि मुली अशा सगळ्यांसाठी. १८९२ पासून तिथे शिकवणीची फी नाही. प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास काम करतो. कुणी झाडू बांधतं, कुणी मागावर विणतं, कुणी कॉलेजच्या हॉटेलात वाढतं, कुणी प्रयोगशाळा सांभाळतं. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना ज्यांनी साताऱ्यात जवळून पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण झाडू विकून दीड हजार मुलांचं शिक्षण होत नाही. बेरियाचं गमक आहे १९२० सालच्या एका ठरावात: मृत्युपत्राने येणारी प्रत्येक बिनशर्त देणगी खर्च करायची नाही, कायमनिधीत टाकायची. कुणा शिक्षिकेने ठेवलेले पाचशे डॉलर, कुणा दुकानदाराचे पाच हजार, असं शंभर वर्षं साठत गेलं. आज तो निधी दीड अब्ज डॉलरच्या आसपास आहे आणि कॉलेजच्या वार्षिक खर्चाचा सिंहाचा वाटा त्यातूनच येतो. मला विचाराल तर या सगळ्या विषयातला सर्वांत शहाणा कागद तो ठराव आहे. त्या साली विश्वस्तांना छप्पर शाकारायलाही ते पैसे हवेच असतील.

## दानाचा पैसा शेअरमध्ये लावायचा?

आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजने लावला, आणि तोही काय लावला! तिथला एक विद्यार्थी, रॉबर्ट नॉइस, १९४८ मध्ये मेजवानीसाठी शेजारच्या शेतकऱ्याचं डुक्कर चोरून एका सत्रासाठी कॉलेजबाहेर गेला होता. पुढे तोच कॉलेजचा विश्वस्त झाला. १९६८ मध्ये त्याने गॉर्डन मूर यांच्यासोबत इंटेल काढली, तेव्हा एक लाख डॉलर कॉलेजने आणि एकेक लाख आणखी दोन विश्वस्तांनी कॉलेजसाठी गुंतवले. काही वर्षांनी ते तीन लाख साधारण १ कोटी ४० लाखांना सुटले. वॉरन बफेही त्या काळात विश्वस्त होते. १९७६ मध्ये कॉलेजने १ कोटी २९ लाखांना एक टीव्ही स्टेशन घेतलं आणि काही वर्षांनी सुमारे ५ कोटींना विकलं.

याचं अनुकरण करू नये. प्रत्येक कॉलेजच्या वाट्याला असा डुक्करचोर येत नाही.

## एवढं आहे तर फी कशाला? आणि सूट कुठून?

पालकांनी इथे जरा थांबून वाचावं. पत्रात लिहिलेली 'शिष्यवृत्ती' दोन प्रकारची असते. पहिलीच्या मागे खरोखरचा निधी असतो, देणगीदाराचा पैसा कॉलेजच्या खात्यात येतो. दुसरीच्या मागे काहीच नसतं, छापील फीवर काट मारलेली असते, एवढंच. अमेरिकेतली खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील फीवर सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात. ग्रिनेल किंवा अॅमहर्स्टसारख्या कॉलेजात ती सूट कायमनिधी पेलतो. गरीब कॉलेजात मात्र ती रिकाम्या खोल्या भरायची धडपड असते. पत्रं दोन्हीकडून सारखीच देखणी येतात. म्हणून कॉलेजचा निधी भागिले विद्यार्थी, हा आकडा त्याच्या नावापेक्षा आधी बघावा आणि सवलत चारही वर्षं राहील का, हे लेखी विचारावं.

देणगी एकदाची आहे की कायमची, यानेही फार फरक पडतो. २०१९ मध्ये अटलांटातल्या मोरहाउस कॉलेजच्या पदवीदानात उद्योगपती रॉबर्ट स्मिथ यांनी त्या वर्षीच्या सगळ्या पदवीधरांचं शिक्षणकर्ज फेडायचं जाहीर केलं. रक्कम ३.४ कोटी डॉलर झाली. त्या मुलांचं आयुष्य बदललं, यात वाद नाही. तीच रक्कम निधीत ठेवली असती तर दरवर्षी साधारण पंधरा लाख डॉलर मिळाले असते: प्रत्येकाला थोडे, पण कायम. कोणतं बरोबर? मी कर्जात असतो तर मला पहिलं आवडलं असतं.

## श्रीमंतांनी कर वाचवायचा हा मार्ग तर नव्हे?

काही अंशी आहेच. देणगी दिली की देणाऱ्याला आयकरात वजावट मिळते, म्हणजे सरकारी खजिन्याचाही त्यात वाटा असतो. म्हणूनच २०१७ मध्ये तिथल्या संसदेने दर विद्यार्थ्यामागे ५ लाख डॉलरहून जास्त निधी असलेल्या खासगी संस्थांच्या गुंतवणूक-उत्पन्नावर १.४ टक्के कर बसवला. त्यात बेरियाही सापडलं. गरिबांना फुकट शिकवणाऱ्या कॉलेजवर श्रीमंतीचा कर! दोन महिन्यांत, २०१८ च्या फेब्रुवारीत, कायद्यात 'फी भरणारे विद्यार्थी' असा शब्द घालून ते वगळलं गेलं. मोजायला फी भरणारे विद्यार्थी पुरेसे नाहीत, तर करही नाही.

२०२५ च्या कायद्याने दर १.४, ४ आणि ८ टक्के असे चढते केले, पण फी भरणारे विद्यार्थी किमान ३ हजार हवेत असंही म्हटलं. त्यामुळे २०२६ पासून मोठ्या विद्यापीठांना फटका आणि ग्रिनेल, विल्यम्स, अॅमहर्स्ट यांसारखी छोटी श्रीमंत कॉलेजं मात्र सुटली. हार्वर्डच्या बातम्यांत ही ओळ बहुतेकांच्या नजरेतून निसटली.

## आपल्या कॉलेजला देणगी द्यायची असेल तर

आपल्याकडे हे जसंच्या तसं जमणार नाही. धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातलं ८५ टक्के त्याच कामावर खर्च करावं, अशी आयकर कायद्याची सर्वसाधारण अपेक्षा आहे. पैसा कुठे गुंतवायचा याचे मार्गही ठरलेले आहेत, थेट शेअर त्यात सहसा बसत नाहीत. बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर महागाई कुरतडत राहते. तरी एक दार उघडं आहे. देणगीदाराने लेखी सांगितलं की ही रक्कम कॉर्पससाठी, म्हणजे मूळ निधीसाठी, तर ती वर्षाच्या उत्पन्नात धरून खर्च करावी लागत नाही. मात्र ती ठरलेल्या मार्गांतच गुंतवावी लागते. नुसती पावती पुरत नाही, वेगळं पत्र द्यावं लागतं. त्या पत्रात 'कॉर्पससाठी' हा शब्द जरूर लिहा, आणि व्याज कशावर खर्च करायचं ती ओळ कॉलेजसाठी मोकळी सोडा.